मिरवणुकीनंतरचा मल्ल

शरीरबळावर नाव कमावणाऱ्या माणसाची मिळकत त्याच्या नावाच्या कितीतरी आधी आटते, हे व्यायाम आणि कुस्तीच्या क्षेत्राचे जुने दुखणे आहे. गायकाचा गळा किंवा लेखकाची लेखणी पन्नाशीनंतरही पोटाला देऊ शकते. मल्लाची उमेद मात्र तिशीच्या आसपास उतरू लागते आणि त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांच्या प्रपंचाची तरतूद बहुधा कोणी केलेली नसते. अशा माणसाच्या उतारवयातील हलाखीचे खापर व्यसनावर, उधळपट्टीवर किंवा वाईट संगतीवर फोडण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि काही उदाहरणांत ते खरेही असेल. परंतु स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव यांचे आयुष्य पाहिले, तर हे स्पष्टीकरण किती तोकडे आहे ते कळते. निर्व्यसनी, शिकलेला, सरकारी नोकरीत टिकून राहिलेला हा माणूस सेवानिवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडत राहिला, आणि त्याच्या नावाचे मोठे सन्मान त्याच्या मृत्यूनंतर आले.

ही अवस्था समजून घेण्यासाठी आधी मल्लाचे अर्थकारण पाहावे लागते. तालमीत उतरलेल्या मुलाला पहाटेची मेहनत, म्हणजे जोर, बैठका आणि जोडीदाराबरोबरची लढत, जितकी लागते तितकाच खुराकही लागतो. खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई आणि ऐपतीप्रमाणे मांस-अंडी यांचा रोजचा रतीब. हा खर्च एका शेतकरी कुटुंबाच्या सगळ्या स्वयंपाकाहून जड जातो, आणि तो ज्या वयात सर्वांत जास्त असतो त्या वयात मुलगा घरात एक पैसाही आणत नाही. जत्रेतल्या कुस्त्या नारळापासून आणि रेवड्यांपासून सुरू होऊन मोठ्या इनामापर्यंत जात असल्या, तरी इनामाची कुस्ती वर्षातून मोजक्याच वेळा होते आणि पाठीला माती लागली की त्या वर्षाची कमाई बुडते. मोडलेले कान, निकामी गुडघे आणि खांदे ही या व्यवसायाची कायमची ठेव असते.

संस्थानी काळात हा खर्च राजाश्रयाने, म्हणजे राजाने मल्लाचा खुराक, राहणे आणि वस्ताद यांचा भार उचलण्याच्या पद्धतीने, भागत असे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना उत्तेजन दिले, देशभरचे मल्ल दरबारी आणले आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेले खासबाग मैदान बांधून घेतले, ज्यात हौद्याभोवतीच्या उतरत्या बैठकीमुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती दिसते. उत्तरेत हेच काम दतिया आणि पतियाळा या संस्थानांनी केले. जगज्जेता म्हणून गाजलेला गामा याच आश्रयावर वाढला. त्याने १९१० मध्ये लंडनमध्ये नाव मिळवले आणि १९२८ मध्ये पतियाळा येथे पोलंडच्या झबिस्कोला एक मिनिटाच्या आत लोळवले. पण संस्थाने गेली, फाळणी झाली, गामा लाहोरला राहिला, आणि ज्याच्या खुराकाच्या कथा आजही रंगवून सांगितल्या जातात त्या मल्लाला अखेरच्या आजारपणात घनश्यामदास बिर्ला यांच्यासारख्या चाहत्यांनी सीमेपलीकडून पाठवलेल्या मदतीचा आधार घ्यावा लागला. १९६० मध्ये तो वारला. राजाश्रय ही दानशूर पण लहरी व्यवस्था होती. ती राजाबरोबर संपली, आणि तिच्या जागी काय आणायचे याचा विचार नव्या राज्यव्यवस्थेने बराच काळ केला नाही.

खाशाबांचे आयुष्य नेमके या दोन व्यवस्थांच्या सांध्यावर येते. १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल, आणि पाच भावांत खाशाबा धाकटे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले, तर कुस्तीचे धडे बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्याकडे मिळाले. अंगापिंडाने ते लहान होते, त्यामुळे ताकदीपेक्षा चपळाई आणि डावपेच यांवर त्यांची भिस्त असे. प्रतिस्पर्ध्याच्या मानेला कव घालून त्याला खाली खेचणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव मानला जातो. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक मदतीने गेले. मातीत वाढलेल्या या मल्लाला तिथली गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम नवे होते, तरी सर्वांत हलक्या वजनगटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. राजाश्रयाची ही त्यांच्या वाट्याला आलेली शेवटची मोठी कृपा म्हणता येईल.

चार वर्षांनी हेलसिंकीची वेळ आली तेव्हा राजाचा हात मागे गेला होता आणि सरकारचा हात अजून पुढे आला नव्हता. निवड चाचणीतील निकालाविरुद्ध खाशाबांना पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागावी लागली आणि पुन्हा झालेल्या लढतीत जिंकून त्यांनी संघात जागा मिळवली. प्रवासाच्या खर्चाचा प्रश्न त्यानंतरही उरलाच. मुंबई राज्याच्या सरकारकडे केलेली विनंती फळाला आली नाही, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी जमवली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. एका प्राचार्याने विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणे ही गुरुशिष्यप्रेमाची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही, पण तिच्यातून हेही दिसते की देशाच्या पदकाचा धोका एका पगारदार माणसाच्या घराच्या कागदांवर टाकला गेला होता.

हेलसिंकीत ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिको येथील मल्लांना हरवले. पुढे सुवर्णपदक जिंकणाऱ्या जपानच्या शोहाची इशी याच्याशी दीर्घ आणि दमवणारी लढत झाली. तीत हार पत्करल्यावर लगेचच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेकोव याच्यासमोर उभे करण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम असतानाही तो बजावून सांगायला भारताचा एकही पदाधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. थकलेले खाशाबा हरले आणि २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदकाचे मानकरी ठरले. त्याच स्पर्धेत भारताच्या हॉकी संघाने सुवर्ण जिंकल्यामुळे देशाचे कौतुक तिकडे अधिक वळले. मात्र वैयक्तिक पदकासाठी भारताला यानंतर लिअँडर पेसच्या १९९६ मधील कांस्यपदकापर्यंत ४४ वर्षे थांबावे लागले, हे पाहिल्यावर त्या पदकाचे मोल कळते.

गावाने मात्र कौतुकात कसर ठेवली नाही. कऱ्हाड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि एरवी पाऊण तासाच्याही आत होणाऱ्या वाटेला सात तास लागले. या मिरवणुकीचे वर्णन खाशाबांवरच्या प्रत्येक लेखात येते. त्यानंतर लगेच काय झाले, ते तितक्या हौसेने सांगितले जात नाही. घरी परतलेल्या पदकविजेत्याने कुस्त्यांची मैदाने भरवली, त्यांत स्वतः लढला आणि त्या कमाईतून प्राचार्यांचे गहाण घर सोडवले. कीर्ती आणि कर्ज एकाच आगगाडीने घरी आले होते, आणि हिशेब आधी कर्जाचा चुकता करावा लागला.

पदकानंतर तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. इथून पुढच्या सुमारे २७ वर्षांत त्यांनी पोलिसांच्या स्पर्धा जिंकल्या, खात्यातील मुलांना शिकवले आणि सहायक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. या नोकरीनेच त्यांचे घर चालवले, हे मान्य करायला हवे. गामाजवळ जे नव्हते ते, म्हणजे महिन्याच्या महिन्याला येणारा पगार, खाशाबांजवळ होते. तरीही पेन्शनसाठी त्यांना खेटे घालावे लागले आणि क्रीडा संघटनांनी त्यांची दखल घेतली नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल घेऊन धावण्याचा मान त्यांना मिळाला, एवढाच काय तो राष्ट्रीय पातळीवरचा हयातीतला गौरव. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ५८ वर्षांचे होते.

मृत्यूनंतर मात्र सन्मानांची रीघ लागली. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार, नंतर केंद्राचा अर्जुन पुरस्कार, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतील कुस्ती संकुलाला त्यांचे नाव, आणि अलीकडे त्यांची जन्मतारीख १५ जानेवारी हा महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन. पद्म पुरस्कार त्यांना हयातीत मिळाला नाही. गोळेश्वरला कुस्ती संकुल उभारण्याचे आश्वासन रखडल्यामुळे २०१७ मध्ये कुटुंबीयांनी ते पदकच लिलावात काढण्याची भाषा केली, तेव्हा वर्तमानपत्रांना खाशाबांची पुन्हा आठवण झाली. मरणोत्तर पुरस्काराने कोणाचा दवाखान्याचा खर्च भागत नाही, एवढे स्पष्ट बोलायला हरकत नाही.

खाशाबांना पदक मिळाले त्याच १९५२ साली लंडनमध्ये ‘मिस्टर युनिव्हर्स’ स्पर्धेत आपल्या गटात विजयी झालेल्या बंगालच्या मनोहर ऐच यांची कहाणी याला पूरक आहे. शरीरसौष्ठव, म्हणजे स्नायूंची घडण आणि प्रमाणबद्धता मंचावर दाखवण्याचा खेळ, त्या काळी भारतात पोट भरण्याचे साधन नव्हता. पाच फुटांहून किंचित कमी उंचीच्या या विश्वविजेत्याने सर्कशीत ताकदीचे खेळ केले, नंतर व्यायामशाळा काढली आणि २०१६ मध्ये शंभरी ओलांडून तो गेला. आज शहरोशहरी जिम आहेत आणि त्यांतले काही चेहरे मोबाइलवर लाखो लोक पाहतात, पण ‘महाराष्ट्र श्री’सारख्या किताबासाठी झटणाऱ्या मुलाचे गणित बदललेले नाही: खुराकाच्या जागी प्रथिनांची पावडर आली, वस्तादाच्या जागी ट्रेनर आला, आणि किताब गेल्यावर जिममध्ये दुसऱ्यांचे वजन उचलून देण्याची नोकरी उरली.

बदल झाला तो सरकारी व्यवस्थेत, आणि तो उशिरा का होईना पण खरा आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकले तेव्हा महाराष्ट्राला खाशाबांनंतर ७२ वर्षांनी वैयक्तिक पदक मिळाले. तो आधीपासून रेल्वेत नोकरीला होता, पदकानंतर त्याला बढती मिळाली आणि राज्याने एक कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर केले. जुन्या हिंदकेसरी आणि महाराष्ट्र केसरी मल्लांना राज्य सरकार मानधन देते, म्हणजे निवृत्तीवेतनासारखी दरमहा रक्कम, आणि २०२३ च्या सुरुवातीला तिच्यात वाढ जाहीर झाली. राज्याच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. किताबाच्या खालच्या पायरीवर थांबलेल्या, गावोगावची मैदाने गाजवून गुडघे गमावलेल्या हजारो मल्लांपर्यंत मात्र यातले फारच थोडे पोचते, कारण प्रत्येक योजनेला प्रमाणपत्र लागते आणि जत्रेतल्या फडावर प्रमाणपत्र देण्याची पद्धत नाही.

प्रमाणपत्राचा हा प्रश्न कुस्तीच्या मुलखाबाहेरही भेटतो. नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील चिंचपाडा हे सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरचे स्थानक कोल्हापूरच्या तालमींपासून सर्वार्थाने दूर आहे. आदिवासीबहुल अशा या पट्ट्यात कुस्तीला राजाश्रय मिळाल्याचा इतिहास नाही. इथल्या मुलामुलींच्या दमाला आणि पायांना बाजारभाव येतो तो मुख्यतः पोलीस भरतीच्या मैदानावर. भरतीची शारीरिक चाचणी ५० गुणांची असते: मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावणे, दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. शरीराची परीक्षा काही मिनिटांत आटोपते, पण तिच्यावर मिळणारी नोकरी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत चालते. ऑलिम्पिक पदकविजेत्या खाशाबांचे घर ज्या खात्याने चालवले, तेच खाते आज या पट्ट्यात धावणाऱ्या मुलांचे ध्येय आहे. राज्य पातळीवर पदक मिळवलेली मुले या धडपडीत आपले खेळाडू आरक्षण हातचे घालवतात असे होऊ नये, म्हणून एक गोष्ट त्यांच्या पालकांनी आणि शिक्षकांनी ध्यानात ठेवावी: खेळाच्या प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते, नंदुरबारसाठी हे कार्यालय नाशिकला आहे, आणि हे काम भरतीचा अर्ज भरण्याच्या आधी उरकायचे असते.