पेठेबाहेरची दाद: शिवाजी पेठेतील हौशी फोटोग्राफीची वीस वर्षे

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत हौशी फोटोग्राफरला विषयांची वाण कधीच नव्हती. एका अंगाला रंकाळा तलाव, दुसऱ्या अंगाला अंबाबाईचे देऊळ, मध्ये तालमी, मंडळे आणि फुटबॉल. बाबूराव पेंटरांनी याच शहरात स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, त्यामुळे कॅमेऱ्याची ओढही जुनीच. प्रश्न होता तो काढलेला फोटो दाखवायचा कोणाला आणि त्यातले चुकले काय हे विचारायचे कोणाला, हा.

रोलच्या काळात याला तीन वाटा होत्या. पहिली स्टुडिओवाल्याची. ३६ फोटोंचा रोल धुऊन आला की गल्ल्यावरच तो दोन शब्द सांगे, आणि शिकवणी तेवढीच. दुसरी वाट शाहू स्मारक भवनाच्या कलादालनातल्या प्रदर्शनाची, पण तिथे भिंत मिळण्याइतके प्रिंट आणि पैसे दोन्ही लागत. तिसरी सलोनची, म्हणजे निवड-स्पर्धांची. मुंबईत १९३७ साली स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडियासारख्या संस्थांनी ही परंपरा रुजवली. मात्र टपालाने पाठवलेल्या प्रिंटचे उत्तर बहुतेक वेळा ‘निवडला’ किंवा ‘नाही’ एवढेच येई. का नाही, ते कळत नसे.

२००४ हे वर्ष या दृष्टीने वळणाचे. त्या वर्षी ऑर्कुट आणि फ्लिकर सुरू झाले. ऑर्कुटवर ओळखीचे लोक भेटत, तर फ्लिकरवर अनोळखी पण जाणकार. फ्लिकरच्या फुकट खात्यात सुरुवातीला शेवटचे २०० फोटोच दिसत, त्यामुळे निवड करणे भागच होते. प्रत्येक फोटोसोबत शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओची नोंद दिसे. परदेशातला कोणी ‘क्षितिज तिरके आहे’ असे सांगे, तर कोणी ‘रंकाळ्यातला संध्यामठ थोडा डावीकडे घेतला असता तर पाण्यातले प्रतिबिंब मोकळे राहिले असते’ असे सुचवी. रंकाळ्यावरच्या त्याच त्या सूर्यास्ताकडे चौकट म्हणून पाहायची सवय अशा शेऱ्यांतून लागते.

दूरच्या जाणकाराची मर्यादाही लवकरच उघड होते. जोतिबाच्या चैत्र यात्रेचा फोटो हे त्याचे नेमके उदाहरण. गुलालाने न्हालेली गर्दी पाहून बाहेरचा प्रेक्षक हमखास म्हणतो, रंग फार चढवलाय. पेठेतला माणूस म्हणतो, गुलाल असाच असतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. भर उन्हात गुलालावर कॅमेऱ्याच्या लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला टेकते आणि उधळलेल्या गुलालाचे कण न दिसता सपाट डाग उरतो. एक्स्पोजर थोडे कमी ठेवले की रंगही राहतो आणि कणही. तांत्रिक दोष दूरच्या डोळ्याला दिसतो, रंगाचा खरेपणा जवळच्याला. शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम यांच्या फुटबॉल सामन्याचा फोटो असला, तर खेळाडू कोण आणि गोल कोणता, हे पेठच अचूक सांगते.

२०१० मध्ये इन्स्टाग्राम आले आणि २०१२ मध्ये अँड्रॉइडवर पोहोचले. त्यानंतर कॅमेरा, डार्करूम आणि प्रदर्शन सगळेच खिशात आले. पण २०१५ च्या ऑगस्टपर्यंत तिथे चौरस चौकटच चाले. यात्रेतली उंच सासनकाठी त्या चौकोनात बसवायची तर एक तर तिचा शेंडा कापायचा, नाही तर ती नाचवणारी माणसे मुंगीएवढी करायची. पुढे उभी चौकट मिळाली, तरी रंकाळ्याचा आडवा विस्तार मोबाइलच्या पडद्यावर बारीक पट्टीसारखाच दिसत राहिला. फोटो कसा काढायचा हे काही अंशी पडदाच ठरवू लागला.

२०१६ मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि प्रेक्षक कैक पटींनी वाढले. त्याच वर्षी इन्स्टाग्रामने फोटो काळाच्या क्रमाने दाखवणे सोडले. कोणता फोटो किती जणांपुढे जाणार हे आता गणित ठरवू लागले. प्रतिक्रियेचे वाक्य आकसून हृदयाच्या चिन्हावर आले. जुलै २०२० मध्ये भारतात रील्स सुरू झाल्यावर स्थिर फोटो आणखी मागे पडला.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेच्या पाण्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून सर्वदूर गेले. प्रेक्षक मिळाले, पण श्रेय हरवले, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकुंचन पावतो आणि त्यातली तारीख, वेळ व कॅमेऱ्याची नोंद पुसली जाते. फोटो त्या वर्षीचा की २००५ च्या पुराचा, हे मग त्या फोटोवरून सांगता येत नाही. कोपऱ्यात नाव घालणे आणि मूळ फाइल जपणे हे दोन साधे उपाय यावर उरतात.

या वीस वर्षांत प्रसार आणि परीक्षण या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. फ्लिकरवर त्या एकत्र नांदत होत्या. २०१९ पासून तिथल्या फुकट खात्यावर १००० फोटोंची मर्यादा आली, पण तोवर गर्दी इन्स्टाग्रामकडे सरकली होती. आज प्रसारासाठी इन्स्टाग्राम आहे. वास्तूंचे नोंदवजा फोटो विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याने टाकले, तर विकिपीडियाच्या लेखांतून ते वाचकांपर्यंत जातात. परीक्षण मात्र पुन्हा लहान वर्तुळात आले आहे: चार-पाच जाणकारांचा गट, एखादे शिबिर, आणि शाहू स्मारकच्या भिंतीवर टांगलेला प्रिंट, ज्याच्यासमोर थांबून माणूस काय चुकले ते तोंडावर सांगतो.