हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की पेन्शनर मंडळी बँकेत रांग लावून आपण अजून आहोत असं लिहून देतात. इटलीतल्या रुज्जेरो देओदातो या दिग्दर्शकावर असाच दाखला आणायची पाळी आली. स्वतःचा नव्हे, आपल्या चार नटांचा. त्याचा 'कॅनिबल होलोकॉस्ट' १९८० साली मिलानमध्ये लागला आणि दहा दिवसांत जप्त झाला. आधी आरोप अश्लीलतेचा होता. पुढे पडद्यावरचे मृत्यू खरेच असावेत अशी शंका छापून आली आणि प्रकरण खुनापर्यंत गेलं. देओदातोला बोलायला तोंड नव्हतं, कारण हे त्याने स्वतःच ओढवून घेतलेलं होतं. ॲमेझॉनच्या जंगलात चार माहितीपटवाले बेपत्ता होतात आणि त्यांची रिळं तेवढी सापडतात, अशी गोष्ट. ती खरी वाटावी म्हणून त्याने चौघांकडून करारच लिहून घेतला होता की वर्षभर कुठल्याही सिनेमात, जाहिरातीत, कुठेही दिसायचं नाही. पोरांनी करार इमानाने पाळला. आता त्यांनाच हुडकून लोकांसमोर उभं करायचं होतं. चौघांतल्या लुका बार्बारेस्कीला निरोप गेला, त्याने बाकीच्यांना गाठलं, चौघं धडधाकट हजर झाले आणि खुनाचं बालंट टळलं. (हा बार्बारेस्की पुढे इटलीच्या संसदेत खासदार झाला. मेल्याचं सोंग केल्याने राजकारणात अडत नाही.) सिनेमात सुळावर चढवलेली बाईही जिवंत होती. लोखंडी खांबाला सायकलची सीट लावलेली, बाई तिच्यावर बसलेली आणि तोंडात हलक्या लाकडाचा टोकदार तुकडा धरून आभाळाकडे बघणारी.

प्राणी मात्र खरेच मारले होते आणि त्यासाठी शिक्षाही झाली, तहकूब ठेवलेली. त्या सिनेमाचा कितीही उदोउदो होवो, त्यातलं कासव मला माफ करता येत नाही. त्याला कुठल्या न्यायालयात हजर करणार?

सापडलेलं चित्रण असल्याचा आव आणणाऱ्या या जातीच्या सिनेमांचं मला जे वेड आहे ते भुतांमुळे नाही. हलणारा कॅमेरा, अंधारातली धाप, मधेच तुटणारी टेप, हे सगळं वाचकांनी पाहिलेलं आहे आणि त्यातलं निम्मं कंटाळवाणं असतं हेही त्यांना माहीत आहे. मला कुतूहल आहे ते यात ज्यांना गायब व्हावं लागतं त्यांचं. इतर सिनेमांत सेटवर, नट्यांवर, पावसावर पैसे खर्च होतात. इथे पैसे नसतातच, म्हणून माणसांची नावं खर्ची पडतात. नट दिसायचा नाही, दिग्दर्शकाने तोंड उघडायचं नाही, श्रेयनामावली ठेवायची नाही. प्रेक्षकाला भीती वाटते ती या रिकाम्या जागेची. पण ती जागा रिकामी ठेवणाऱ्याला पुढे तिथे परत येता येतं का?

'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'चं घ्या. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये मेरीलँडच्या सेनेका क्रीक जंगलात आठ दिवस चित्रण केलं. खरं तर त्यांनी केलंच नाही, तिघा नटांच्या हातात कॅमेरे देऊन त्यांना जंगलात सोडलं. वाट जीपीएस दाखवणार. ठरल्या ठिकाणी फिल्मच्या रिकाम्या डबीत प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी असणार आणि ती बाकीच्या दोघांना दाखवायची नाही. रोज जेवण थोडं थोडं कमी. रात्री युनिटची माणसं येऊन तंबू हलवणार. अशा वीसेक तासांच्या चित्रणातून ८१ मिनिटं निघाली. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. जानेवारी १९९९ मध्ये सनडान्स महोत्सव, तिथे वाटलेली 'बेपत्ता' अशी पत्रकं, आर्टिझन कंपनीने ११ लाख डॉलरला केलेली खरेदी आणि जगभरात जवळपास २५ कोटी डॉलरचा गल्ला. मार्केटिंगच्या वर्गात हे इतकं शिकवलं गेलंय की मी त्यात भर घालत नाही.

हेदर डॉनाह्यूबद्दल मात्र सांगितलं पाहिजे. या तिघांची सिनेमातली नावं म्हणजे त्यांची खरी नावं होती. प्रसिद्धीसाठी ते मेलेले असणं सोयीचं होतं, म्हणून सुरुवातीला त्यांना लोकांसमोर येऊच दिलं नाही. हेदरच्या आईला सांत्वनाची पत्रं येऊ लागली. मुलगी धडधाकट, तिचा सिनेमा देशभर गाजतोय आणि आई सांत्वनाची पाकिटं उघडतेय.

सिनेमातला तो सुप्रसिद्ध शॉट आठवा. मध्यरात्री ही बाई कॅमेरा स्वतःच्या तोंडासमोर धरून दोन्ही मित्रांच्या आयांची माफी मागते. डोळे वाहतायत, नाक वाहतंय. तिला वाटत होतं की पूर्ण चेहरा चौकटीत आहे, पण झूम जास्त झाला होता आणि चौकटीत राहिले एक-दीड डोळा आणि नाक. शिकलेल्या कुठल्या कॅमेरामनला ही चौकट सुचली नसती. या कामासाठी तिला त्या वर्षीचा सर्वांत वाईट अभिनेत्रीचा रॅझी 'पुरस्कार' दिला गेला. काहींना वाटलं ही बाई मेली, काहींना वाटलं हिला अभिनय येत नाही. तिने उत्तम काम केलं हा तिसरा पर्याय फार थोड्यांच्या मनात आला. हे काम ज्यांना वाईट वाटलं त्यांच्याबद्दल माझं मत इथे छापण्यासारखं नाही.

गल्ला दहा कोटींच्या पुढे गेला तेव्हा कंपनीकडून नटांना फळांची परडी आली. २००० मध्ये पुढच्या भागात आपली नावं वापरल्याबद्दल तिघांनी कंपनीवर दावा लावला. हेदरने अभिनय सोडला, गांजाची शेती केली, त्यावर पुस्तक लिहिलं आणि २०२० मध्ये कायद्याने नाव बदलून रे हान्स केलं. जे नाव सिनेमात एकदा मेलं ते तिने स्वतःच टाकून दिलं. २०२४ मध्ये या सिनेमाची नवी आवृत्ती काढायची घोषणा झाली. तेव्हा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या लायन्सगेटला तिघांनी जाहीर पत्र लिहिलं. मागची थकलेली मिळकत द्या, पुढच्या भागांत आम्हाला विचारा आणि नवख्या सिनेमावाल्यांसाठी ६०,००० डॉलरचं अनुदान सुरू करा. मूळ सिनेमाचा खर्च म्हणून जे आकडे सांगितले जातात त्यातलाच हा एक. पंचवीस वर्षांनी मागणं मागायचं आणि तेही एवढं मापात!

'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'वर मी थांबत नाही. ओरेन पेलीने स्वतःच्याच घरात सात दिवसांत, १५,००० डॉलरमध्ये तो उरकला. नटांची नावं इथेही खरीच आणि सुरुवातीला त्यांच्या कुटुंबीयांचे आणि सॅन डिएगो पोलिसांचे आभार. ट्रेलर मात्र नमुनेदार होता. त्यात सिनेमा कमी आणि अंधारात किंचाळणारे प्रेक्षकच जास्त होते.

प्रेक्षक भोळा असतो, सांगाल ते गिळतो, असं या विषयावर लिहिणारे सर्रास गृहीत धरतात. मला ते पटत नाही. ३१ ऑक्टोबर १९९२ च्या रात्री बीबीसीने 'घोस्टवॉच' दाखवलं. भुताटकीच्या घरातून थेट प्रक्षेपण असल्याचा आव, पण प्रत्यक्षात आधीच चित्रित केलेलं नाटक. लेखक स्टीफन व्होल्कचं नाव सुरुवातीला पडद्यावर येऊन गेलं होतं. स्टुडिओत मायकेल पार्किन्सन, म्हणजे मुलाखतकार म्हणून सगळ्या देशाच्या ओळखीचा माणूस. त्या घरात सारा ग्रीन, मुलांच्या कार्यक्रमांतली लाडकी निवेदिका. शेवटी ती जिन्याखालच्या अडगळीत शिरते आणि दार बंद होतं. पडद्यावर फोन नंबर दिलेला होता आणि तोही खरा. तो लावला की हे नाटक आहे, असं सांगण्याची व्यवस्था होती. पण फोन इतके आले की लाईनच मिळेना. म्हणजे लोकांनी खातरजमा करायचा प्रयत्न केला आणि नेमका खातरजमेचाच फोन एंगेज! पुढच्या सोमवारी सारा ग्रीनला मुलांच्या कार्यक्रमात येऊन आपण ठीक आहोत हे दाखवावं लागलं. १९९४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने या कार्यक्रमामुळे मानसिक आघात झालेल्या दहा वर्षांच्या दोन मुलांची नोंद छापली. ब्रिटिश टीव्हीवर तो पुन्हा कधीच लागला नाही.

आपल्याकडे हा डाव साधणं कठीण. थिएटरात सगळ्यात आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं, निर्मात्याच्या नावासकट. मग तंबाखू. मग जिवंत वा मृत व्यक्तीशी साम्य आढळल्यास निव्वळ योगायोग. एवढं वाचून झाल्यावर 'हे चित्रण जंगलात सापडलं' या पाटीवर कोण विश्वास ठेवणार? व्होल्कचं नाव वाचूनही लोक घाबरले हे खरं, पण ते घरी बसून, ज्या पेटीत रोज बातम्या दिसतात तिच्यासमोर. 'रागिणी एमएमएस' (२०११) चालला, पण तो खरा असल्याच्या भ्रमावर नव्हे. त्यातल्या त्यात २०१३ चा कन्नड '६-५=२' मला जवळचा वाटला, कारण त्यातली पोरं ट्रेकला निघालेली आहेत आणि सह्याद्रीत वाट चुकण्याचा अनुभव आपल्यातल्या पुष्कळांच्या पोटरीत आहे.

आणि आता डीन अलिओटो, ज्याच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

'ब्लेअर विच'च्या दहा वर्षं आधी, १९८९ मध्ये, या तरुणाने ६,५०० डॉलरमध्ये 'यूएफओ अब्डक्शन' नावाचा ६६ मिनिटांचा व्हिडिओपट केला. कथेतला काळ १९८३ चा हिवाळ्याआधीचा मोसम, जागा कनेक्टिकटमधलं आडबाजूचं घर. व्हॅन हीस कुटुंबातल्या पाच वर्षांच्या मुलीचा वाढदिवस आहे आणि तिचा काका नव्या कॅमेऱ्याने चित्रण करतोय. हा काका म्हणजे खुद्द अलिओटो. केक, मेणबत्त्या, भावाभावांची टोमणेबाजी. सगळे एकाच वेळी बोलतात, कुणाचं वाक्य कुणी पुरं होऊ देत नाही. दिवे जातात. भाऊ बघायला बाहेर पडतात, झाडीपलीकडे यान दिसतं, त्याच्याजवळ बुटक्या आकृत्या दिसतात आणि सगळे जीव घेऊन घरात पळतात. मग आरडाओरडा आणि बंदूक. यातला काही भाग कानाला अक्षरशः असह्य आहे.

पण एक गोष्ट अलिओटोला अशी सुचली की तिला तोड नाही. बाहेर परग्रहवासी फिरतायत आणि आत ही माणसं पत्ते खेळायला बसतात. पोर घाबरू नये, आपणही घाबरू नये, दुसरं करण्यासारखं काही नाही म्हणून. कॅमेरा बाजूला चालूच आहे. घरावर संकट आल्यावर माणसं कशी वागतात हे भयपट लिहिणाऱ्या फार थोड्यांना कळलेलं असतं.

सिनेमा वितरकाकडे गेला आणि बाजारात यायच्या सुमारास वितरकाच्या गोदामाला आग लागली. मूळ टेप, वेष्टणं, सगळं जळालं. त्याआधी थोड्या कॅसेट छोट्या व्हिडिओ दुकानांत पोचल्या होत्या, तेवढ्याच वाचल्या. अलिओटोच्या लेखी विषय संपला.

कॅसेटचा मात्र नुकताच सुरू झाला होता. कुणीतरी तिची प्रत काढली, त्या प्रतीची आणखी कुणी. या प्रवासात श्रेयनामावली गळाली. व्हीसीआर भाड्याने आणून रात्र रात्र सिनेमे पाहिलेल्या वाचकाला प्रतीच्या प्रतीत काय होतं ते सांगायला नको. व्हीएचएसवर मुळातच चित्राच्या रुंदीत जेमतेम २४० रेघांचा तपशील मावतो. दर खेपेला तो आणखी विरतो, रंग कडेबाहेर सांडतात, काळोखात मुंग्या येतात. पहिल्या कॅसेटवर जो मुखवटा मुखवटाच दिसला असता, त्याची चौथ्या-पाचव्या प्रतीत नुसती सावली उरते. साडेसहा हजारांत जे झाकता आलं नसतं ते प्रती काढणाऱ्यांनी फुकटात झाकून दिलं.

अशी ती कॅसेट उडत्या तबकड्यांच्या अभ्यासकांच्या मेळाव्यांत पोचली. अमेरिकी हवाई दलातल्या एका निवृत्त अधिकाऱ्याने तिच्या अस्सलपणाची ग्वाही दिली. मग फॉक्स वाहिनीच्या 'एन्काउंटर्स' कार्यक्रमाने तिचा छडा लावायला घेतला आणि अलिओटोला कळलं की आपला जळालेला सिनेमा पुरावा म्हणून देशभर फिरतोय. त्याने टीव्हीवर येऊन सांगितलं की हे मी केलंय, ही माणसं नट आहेत.

हा झगडा मला विलक्षण वाटतो. एरवी आरोपी म्हणतो की मी नाही केलं आणि लोक विश्वास ठेवत नाहीत. इथे माणूस कळवळून सांगतोय की मीच केलं, तरी श्रद्धावानांतले काही जण ऐकेनात. एकदा कॅसेट खरी मानली की तिच्यावर हक्क सांगणारा माणूसच संशयित ठरतो. त्याला कुणी पाठवलं? त्याला इतकं सगळं माहीत कसं? त्याने जितके पुरावे द्यावेत तितकी त्याची तयारी पक्की होती असं सिद्ध व्हायचं. देओदातोला निदान चार माणसं उभी करून सुटता आलं. अलिओटोने कुणाला उभं करायचं? त्या कुटुंबातला कॅमेरावाला भाऊ तर तो स्वतःच होता.

त्यातून १९९८ मध्ये डिक क्लार्कच्या कंपनीसाठी त्याने हीच गोष्ट ऐपतीने पुन्हा केली. २० जानेवारीला ती यूपीएन वाहिनीवर लागली. आता कुटुंबाचं आडनाव मॅकफर्सन, गाव मिनेसोटातलं आणि मधे मधे गंभीर चेहऱ्याने बोलणारे तज्ज्ञ. माझ्या मते या तज्ज्ञांनीच सिनेमा बुडवला. संशय न घेणारा तज्ज्ञ दिसला की प्रेक्षक स्वतः संशय घेतो. शिवाय ही नक्कल, म्हणजे अस्सल ती जुनी कॅसेट, असा हिशेब मांडणं ज्यांना हवं होतं त्यांना सोपं झालं.

पुढे अमेरिकन जॉनर फिल्म अर्काइव्ह या संस्थेने मूळ सिनेमा नीट करून डिस्कवर आणला. आता दिग्दर्शक म्हणून अलिओटोचं नाव तिथे आहे, त्याबद्दल वाद उरलेला नाही. पण सिनेमा काढलाय तो 'यूएफओ अब्डक्शन' या त्याने ठेवलेल्या नावाने नाही. जुन्या-नव्याचा घोळ घालून लोकांनी कॅसेटला 'द मॅकफर्सन टेप' म्हणायला सुरुवात केली होती, त्याच नावाने ती विकली जाते आणि अख्ख्या सिनेमात मॅकफर्सन आडनावाचं कुणीही नाही.