बेलियाघाट्यानंतरची दहा वर्षं

१६ ऑगस्ट १९४६ रोजी, मुस्लिम लीगच्या ‘प्रत्यक्ष कृती दिना’ला, कलकत्त्यात कत्तल सुरू झाली. मृतांचा आकडा सर्वसाधारणपणे ४,००० च्या घरात धरला जातो. हुसेन शहीद सुऱ्हावर्दी तेव्हा बंगालचे प्रधानमंत्री होते आणि पोलीस त्यांच्याच हाताखाली होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, दिल्लीत लीगच्या आमदारांपुढे पाकिस्तानचा ठराव मांडणारेही तेच. कत्तलीचं खापर हिंदूंनी त्यांच्या माथी फोडलं.

दुसऱ्या बाजूला बहूबाजारचे गोपाल मुखर्जी उभे राहिले. घरचं बोकडाच्या मटणाचं दुकान, म्हणून लोक त्यांना ‘गोपाल पाठा’ म्हणत. एका खुनाला दहा खून, असा आदेश आपण पोरांना दिला होता, हे त्यांनी म्हातारपणी मुलाखतीत सांगितलं. स्वतःच्या लेखी ते मोहल्ल्याचे रक्षणकर्ते होते.

वर्षभराने, १३ ऑगस्ट १९४७ ला, गांधीजी कलकत्त्यातल्या बेलियाघाट्याच्या ‘हैदरी मंझिल’ या पडक्या घरात राहायला आले, तेही सुऱ्हावर्दींना सोबत घेऊन. गेल्या वर्षी तुम्ही कुठे होता, असं विचारत हिंदू तरुण गांधीजींच्या अंगावर धावून आले. पुढच्या संध्याकाळी जमावाने सुऱ्हावर्दींनाच खिडकीशी गाठलं : कत्तलीला जबाबदार तुम्हीच ना? जबाबदार आपण सगळेच, असं त्यांनी आधी सांगून पाहिलं. जमाव हटेना. तेव्हा, हो, जबाबदारी माझी, असं ते सर्वांदेखत बोलले. दुसऱ्या दिवशी हिंदू-मुसलमान एकाच लॉरीवर चढून स्वातंत्र्याच्या घोषणा देत फिरले.

ही शांतता पंधरवडाभरच टिकली. ३१ ऑगस्टच्या रात्री जमाव त्याच घरात घुसला, काचा फोडल्या, गांधीजींवर लाठी भिरकावली. १ सप्टेंबरला शहरात पुन्हा माणसं मारली गेली आणि त्याच रात्री गांधीजींनी उपोषण सुरू केलं. शांततेसाठी रस्त्यावर उतरलेले शचिन मित्र याच दिवसांत सुऱ्याने भोसकले गेले आणि मरण पावले. दंगेखोरांच्या टोळ्या गांधीजींपुढे येऊन हत्यारं ठेवू लागल्या. सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी लेखी हमी दिल्यावर ४ सप्टेंबरच्या रात्री उपोषण सुटलं. गोपाल मुखर्जींनी मात्र निरोप येऊनही हत्यार दिलं नाही आणि त्या नकाराचा त्यांना अखेरपर्यंत अभिमान होता.

कलकत्त्याचा चमत्कार म्हणून ही गोष्ट इथेच संपवायची आपली रीत आहे. पण हत्यारं ठेवणाऱ्यांपैकी किती जणांचं मन पालटलं आणि किती जण म्हाताऱ्याचा जीव जाईल या धास्तीने नमले, हे त्या रात्री दिसणं शक्य नव्हतं. १९५० मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये कलकत्त्यात दंगली झाल्याच. शरमेने हात थांबतो, मनाला मात्र वेळ लागतो. म्हणून सुऱ्हावर्दींची पुढची वर्षं पाहावी लागतात.

फाळणीनंतर ते लगेच पाकिस्तानात गेले नाहीत; काही काळ कलकत्त्यातच राहिले. पाकिस्तानच्या संविधान सभेत त्यांनी अल्पसंख्याकांची बाजू मांडली. सप्टेंबर १९५६ मध्ये ते पाकिस्तानचे पंतप्रधान झाले आणि धर्मवार स्वतंत्र मतदारसंघ मोडून संयुक्त मतदारसंघ आणण्याचा कायदा त्यांच्याच कारकिर्दीत झाला. ज्या मुस्लिम लीगमध्ये ते वाढले, तिचा पायाच स्वतंत्र मतदारसंघ हा होता. संशयखोर म्हणेल की पूर्व बंगालात त्यांच्या अवामी लीगला हिंदू मतं हवी होती. खरंच आहे ते. पण पाकिस्तानात हिंदूंच्या बाजूने बोलणं सवंग लोकप्रियतेचं कधीच नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण नेमकं उलटं आहे. गांधीहत्येची जन्मठेप भोगून गोपाळ गोडसे १९६४ मध्ये सुटले. पुण्यात त्यांचा सत्कार झाला. तुरुंगाने शिक्षा पुरी करून घेतली; विचार बदलला नाही. तो बदलायची गरज त्यांना वाटावी, असं सत्कार करणाऱ्यांनी काही ठेवलंही नाही. सुऱ्हावर्दींना बेलियाघाट्यात खडा सवाल करणारा जमाव भेटला आणि त्याच वेळी खांद्याला खांदा लावून उभा असलेला माणूसही भेटला. माणूस बदलायला बहुधा दोन्ही लागतात : गुन्ह्याचं नाव तोंडावर घेणारं कुणीतरी, आणि ते कबूल केल्यावर त्याला दारातून हाकलून न देणारं कुणीतरी.