‘अ‍ॅनिमल फार्म’ पडद्यावर उतरतं तेव्हा

मध्यरात्री अंगणात काहीतरी धाडकन आदळतं. जनावरं धावत बाहेर येतात. सात आज्ञा लिहिलेल्या भिंतीशी शिडी मोडून पडली आहे, शेजारी स्क्वीलर नावाचं डुक्कर भोवंडून आडवं झालंय आणि जवळच कंदील, ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा कलंडलेला डबा आहे. हा काय प्रकार आहे ते कुणालाच कळत नाही. बेंजामिन गाढवाला कळतं, पण तो चकार शब्द काढत नाही. जॉर्ज ऑरवेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’मधला हा प्रसंग म्हणजे त्या पुस्तकाच्या उपरोधाची किल्लीच आहे. निवेदक जनावरांइतक्याच भाबडेपणाने सांगतो, आणि जे तो सांगत नाही, की डुकरं चोरून आज्ञा बदलतायत, ते वाचकाला कळतं.

आता हेच चित्रात दाखवायचं झालं तर? शिडी, ब्रश, रंग हे सगळं समोर दिसणारच. चित्राला भाबडेपणाचं सोंग घेता येत नाही. लंडनच्या हॅलस अँड बॅचलर स्टुडिओने 1951च्या अखेरीस हे पुस्तक अ‍ॅनिमेशनसाठी हातात घेतलं, तेव्हा त्यांच्यापुढची खरी अडचण ही होती. डुकरं काढणं त्या मानाने सोपं.

स्टुडिओ नवराबायकोचा. जॉन हॅलस मूळचा बुडापेस्टचा, जॉय बॅचलर वॉटफर्डची. 1940 मध्ये दोघांनी काम सुरू केलं आणि युद्धकाळात ब्रिटिश माहिती मंत्रालयासाठी प्रचारपट केले. गंमत अशी की 1944 मध्ये ‘अ‍ॅनिमल फार्म’चं हस्तलिखित प्रकाशकांकडे फिरत होतं, तेव्हा जोनाथन केप या प्रकाशकाला ‘हे छापू नका’ असा सल्ला याच मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याने दिला होता. रशिया तेव्हा मित्रराष्ट्र होता आणि नेपोलियन नावाचा डुक्कर म्हणजे स्टालिन हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. गोलांझ आणि फेबर यांनीही नकार दिला. अखेर सेकर अँड वॉरबर्गने ऑगस्ट 1945 मध्ये पुस्तक काढलं. ऑरवेल 1950च्या जानेवारीत गेला, त्यामुळे सिनेमाचा व्यवहार त्याची पत्नी सोनिया हिच्याशी झाला.

निर्माता होता लुई द रोशमाँ, ‘मार्च ऑफ टाइम’ या अमेरिकी बातमीपटांमुळे नावाजलेला. त्याच्यामागचा पैसा मात्र सीआयए या अमेरिकी हेरखात्याचा होता. शीतयुद्ध ऐन भरात होतं आणि रशियन क्रांतीची खिल्ली उडवणारी गोष्ट जगभर दाखवायला मिळणं ही वॉशिंग्टनच्या दृष्टीने पर्वणीच होती. ही भानगड कितीतरी वर्षांनी उजेडात आली. ती शेवटाशी जोडलेली आहे, म्हणून तिथेच तिच्याकडे वळू.

आधी काम कसं चाललं ते बघू. सिनेमा 72 मिनिटांचा. सेकंदाला 24 चौकटी धरल्या तर एक लाखाच्या वर चौकटी होतात. अ‍ॅनिमेशनमध्ये साधारणपणे एक चित्र दोन चौकटींसाठी वापरतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. पण एकाच दृश्यात घोडा, कोंबड्या आणि कुत्री वेगवेगळ्या थरांवर हलत असतील तर प्रत्येकाची चित्रं वेगळी. मुख्य अ‍ॅनिमेटर हालचालीतल्या कळीच्या मुद्रा काढतो, मधल्या मुद्रा सहायक भरतात. मग प्रत्येक रेखाटन पारदर्शक सेलवर शाईने गिरवायचं, सेल उलटी करून मागच्या बाजूने रंग भरायचा, म्हणजे पुढून रेघ स्वच्छ राहते. रंगवलेल्या पार्श्वचित्रावर सेल ठेवून वरून टांगलेल्या कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपायची. पुन्हा पुढची सेल. या कामासाठी स्टुडिओने लंडनबाहेर ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडलाही एक शाखा काढली होती. गिरवण्या-रंगवण्याचं काम बहुतेक तिथल्या बायका-मुलींनी केलं.

जनावराला ‘वजन’ कसं येतं हे इथे समजून घेण्यासारखं आहे. बॉक्सर हा कष्टाळू घोडा दगड ओढत चढण चढतो. चित्रांमधलं अंतर सगळीकडे सारखं ठेवलं तर घोडा हवेत तरंगल्यासारखा वाटेल. म्हणून पाय जमिनीवर टेकताना चित्रं जवळजवळ, पाय उचलला की लांबलांब, आणि जोर लावण्याआधी क्षणभर मान खाली. ओझं चित्रात काढलेलं नसतं, ते दोन चित्रांमधल्या अंतरात असतं. अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक जॉन रीड डिस्नेकडे काम करून आलेला होता आणि त्याचा हात या दृश्यांत ओळखू येतो. कळपामागे धडपडत धावणारं बदकाचं पिल्लूही डिस्नेच्या वळणाचंच. मला ते पिल्लू थोडं खटकतं, पण थिएटरात मुलं हसली असणार यात शंका नाही.

एवढ्या चित्रांच्या ढिगाऱ्यात गोष्टीचा सूर सुटू नये म्हणून स्टुडिओने एक आलेख केला होता, ताणाचा आलेख. आडव्या रेषेवर प्रसंगांचा क्रम, उभ्या रेषेवर भावनेची तीव्रता. मालक जोन्सला हाकललं तिथे रेषा वर, मग पिकाच्या दिवसांत निवांत उतार, कुत्री सोडली की पुन्हा उसळी. चित्र काढायला घेण्याआधीच कुठे श्वास घ्यायचा आणि कुठे कोंडायचा हे डोळ्यांसमोर असे. बॅचलरबाईंनी पटकथेत बरीच पात्रं गाळली ती याच हिशेबाने. रिबिनींची हौस असलेली मॉली घोडी गेली आणि स्वर्गातल्या साखरेच्या डोंगराच्या गोष्टी सांगणारा मोझेस कावळाही गेला. मोझेस गेला याची मला चुटपुट वाटते. धर्मावरची ती टोचणी सिनेमात हवी होती.

मग त्या भाबड्या निवेदकाचं काय केलं? सिनेमाने निवेदन ठेवलं, पण जनावरांची तोंडं जवळजवळ बंद केली. बोलतात ती मुख्यतः डुकरं, म्हणजे सत्ता ज्यांच्याकडे आहे ती. बाकीची हंबरतात, बें बें करतात, फुरफुरतात. सगळ्या जनावरांचे आवाज मॉरिस डेनहॅम या एकट्या नटाने काढले. क्रांतीचं गाणंसुद्धा शब्दांशिवाय आहे. माट्याश शायबर या हंगेरियन संगीतकाराने ते हंबरणं, ओरडणं आणि आरवणं यांतूनच बांधलं. शब्द डुकरांच्या मालकीचे झाले की इतरांकडे फक्त आवाज उरतो, हा पुस्तकातला विचार इथे एकही वाक्य न खर्चता कळतो. पुस्तकाला जे करता आलं नसतं ते सिनेमाने केलं ते इथे. आणि निवेदक गॉर्डन हीथ शांत, सभ्य आवाजात घटना सांगत असतो, त्याच वेळी चित्रात कुत्र्यांचे दात दिसतात. उपरोध वाक्यातून निघून आवाज आणि चित्र यांच्या फटीत जाऊन बसला.

आता शेवट. पुस्तकात जनावरं खिडकीतून आत बघतात. डुकरं आणि माणसं पत्ते खेळतायत, भांडतायत, आणि बाहेरून बघणाऱ्यांना डुक्कर कोणतं आणि माणूस कोणता ते सांगता येत नाही. बस, तिथेच पुस्तक संपतं. लेखणीला हे एका वाक्यात उरकावं लागतं. अ‍ॅनिमेशनचं तर हे घरचंच काम: एक चेहरा दुसऱ्यात विरघळवायचा. कुठलंही दुसरं माध्यम हे इतक्या सहज करू शकत नाही. हॅलस-बॅचलरने ते केलंही आहे. बेंजामिन खिडकीतून बघतो आणि डुकराच्या थोबाडावर जोन्सचा चेहरा उमटतो. आत माणसं मात्र नाहीत, सगळी डुकरंच. भांडवलदार आणि कम्युनिस्ट एकाच टेबलावर बसलेत, दोघेही सारखेच, हा पुस्तकातला अर्धा टोला अशा रीतीने गायब झाला. तो कोणाला टोचला असता हे सांगायला नको.

त्यानंतरही सिनेमा चालूच राहतो. बेंजामिनच्या मागून जनावरं चाल करून जातात, घर पाडतात, नेपोलियनचा खातमा करतात. दुसरी क्रांती. 1950च्या दशकात पोलंड-हंगेरीतल्या लोकांनी उठावं असं वाटणाऱ्यांना यापेक्षा सोयीचा शेवट सुचला नसता. हॅलसने पुढे या बदलाची पाठराखण केली, प्रेक्षकाला काहीतरी आशा हवी असा त्याचा युक्तिवाद होता. असेलही. दीड तासाच्या आत हरलेल्या जनावरांना सोडून लोकांना घरी पाठवणं वितरकांनाही जड गेलं असतं, त्यामुळे सगळं खापर हेरखात्यावर फोडणं मला पटत नाही. पण चेहरा बदलण्याचा तो शॉट हातात असताना त्यापुढे मारामारी जोडणं हे रेखाटणाऱ्यांनी आपल्याच कलेवर भरवसा न ठेवल्यासारखं वाटतं.

सिनेमा 29 डिसेंबर 1954 ला न्यूयॉर्कमध्ये झळकला आणि पुढच्या महिन्यात लंडनमध्ये. ब्रिटनमध्ये बनून थिएटरात लागलेला तो पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट. 1999 मध्ये अमेरिकी टीव्हीसाठी पुन्हा ‘अ‍ॅनिमल फार्म’ झालं, या वेळी जिवंत जनावरं आणि यांत्रिक बाहुल्या घेऊन. सोव्हिएत संघ तोवर कोसळला होता, म्हणून नेपोलियनची राजवट ढासळते आणि नवे मालक मोटारीतून येतात. 2025 मध्ये अँडी सर्किसचा नवा अ‍ॅनिमेशनपट आनेसीच्या अ‍ॅनिमेशन महोत्सवात दाखवला गेला. त्यात लकी नावाचं एक नवं पिल्लू नायकाच्या जागी आणलंय.