कालच्या वडापावचा काय दोष?

डोंबिवलीत, कल्याणात किंवा ठाण्यात कुणाला ताप आला आणि रिपोर्टवर ‘टायफॉइड’ असं छापून आलं, की घरात पहिली चौकशी होते ती ‘काल बाहेर काय खाल्लं होतंस?’ याची. आरोपीही लगेच सापडतो. स्टेशनबाहेरचा वडापाव, नाही तर नाक्यावरची पाणीपुरी. अन्नातल्या रोगजंतूंबद्दल गेल्या सव्वाशे वर्षांत शास्त्राने बरंच काही शोधून काढलं आहे. आपली घरगुती न्यायव्यवस्था मात्र अजून शेवटच्या घासालाच शिक्षा ठोठावते.

‘काल खाल्लेलं बाधलं’

टायफॉइड, म्हणजे आजीच्या भाषेत मुदतीचा ताप, साल्मोनेला टायफी या जिवाणूमुळे होतो. तो पोटात गेल्यापासून ताप चढेपर्यंत साधारण एक ते दोन आठवडे जातात, कधी कधी तर महिनाही. त्यामुळे कालच्या वडापावने आज टायफॉइड होऊच शकत नाही. शिवाय उकळत्या तेलातून नुकताच निघालेला वडा हा त्या गाडीवरचा सगळ्यात निर्धोक पदार्थ असतो. शंका घ्यायचीच तर पातळ हिरव्या चटणीची, पाण्याच्या पिंपाची आणि पैसे घेऊन लगेच पाव उघडणाऱ्या हाताची घ्यावी.

प्रत्येक जंतूचं वेळापत्रक वेगळं असतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू आपल्या नाकात, त्वचेवर, बोटावरच्या पिकलेल्या जखमेत राहतो. अन्नात पडला की तो तिथे विष तयार करून ठेवतो, म्हणून अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत उलट्या सुरू होतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स सहा ते चोवीस तास घेतो. कोंबडी-अंड्यांतून येणारे साल्मोनेलाचे बाकीचे प्रकार सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही त्रास देतात. साल्मोनेलाचे असे अडीच हजारांहून जास्त प्रकार माहीत आहेत. बहुतेक प्रकार प्राण्यांतून माणसात येतात. टायफी मात्र फक्त माणसातच राहतो, त्यामुळे टायफॉइडमागे कुठे तरी दुसऱ्या माणसाची विष्ठा पाण्यात किंवा अन्नात मिसळलेली असतेच. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण रोग समजून घ्यायचा तर इथूनच सुरुवात करावी लागते.

खरा आरोपी शोधायचा कसा, याचं एक उदाहरण भारताशीच जोडलेलं आहे. २०१२ साली अमेरिकेत ४२५ जण आजारी पडले. त्यांच्यात मुख्यतः साल्मोनेलाचा ‘बरेली’ हा प्रकार सापडला. तो पहिल्यांदा उत्तर प्रदेशातल्या बरेलीत सापडला होता, त्यावरून हे नाव. रुग्णांनी तीन-चार नव्हे, अनेक दिवसांत काय काय खाल्लं याच्या याद्या जुळवल्यावर सुशीत घातलेला ट्यूना मासा पुढे आला. तो केरळातल्या एका कारखान्यातून गेलेला होता, आणि जिवाणूंच्या जनुकीय क्रमाची तुलना केल्यावर तो धागा पक्का झाला. आपल्याकडे उरलेलं अन्न फेकून, पातेली घासून, फरशी धुऊन झाल्यावर चौकशी सुरू होते. मग उरतो तो फक्त संशय.

‘वास येत नाही ना, मग चांगलंच आहे’

हा गैरसमज सगळ्यांत चिवट, आणि माझ्या मते सगळ्यांत धोक्याचा. अन्न आंबवणारे, बुळबुळीत करणारे, वास सोडणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. साल्मोनेला लाखोंच्या संख्येने असला तरी आमटीची चव बिघडत नाही. उलट आंबलेल्या इडलीच्या पिठाला वास येतो, पण ते बाधत नाही.

याला जोडूनच दुसरा समज येतो: ‘परत चांगलं उकळलं की झालं.’ साल्मोनेला उष्णतेला टिकत नाही, हे खरं. पदार्थाच्या आतपर्यंत ७० अंश सेल्सियस तापमान पोहोचलं की तो मरतो. पण स्टॅफिलोकॉकसचं विष उकळून जात नाही. जंतू मरतो, विष राहतं. भातातल्या बॅसिलस सेरियसची गोष्ट त्याहून वाईट. त्याचे बीजाणू भात शिजवतानाही जिवंत राहतात. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात, आणि त्यांचं उलटी आणणारं विष फोडणी देऊनही नाहीसं होत नाही. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवून सकाळी फोडणीचा करायचा, ही आपली आवडती सवय. तो भात रात्री जेवणानंतर लगेच फ्रिजमध्ये गेला असता तर फोडणीचा भात निर्धास्त खाता आला असता.

कल्याणहून सकाळी सहाची लोकल पकडणाऱ्याचा डबा दुपारी एकला उघडतो. घट्ट बंद, कोमट डब्यात सात तास. पोळी आणि कोरडी भाजी हे निभावून नेतात, कारण जिवाणूला वाढायला ओलावा लागतो. वरण-भात, ओल्या नारळाचं वाटण, दाण्याची ओली चटणी यांचं तसं नाही. ५ ते ६० अंशांच्या मधलं तापमान म्हणजे जंतूंची सुगी. उकाड्याच्या दिवसांत काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. डब्यात एक तर वाफाळतं गरम भरा, नाही तर आधी पूर्ण गार करा. कोमट डबा बंद करून पाठवणं हे दोन्हींपेक्षा वाईट.

डोंबिवलीची खरी ओळख असलेल्या पोळीभाजी केंद्रांना हा मुद्दा आणखी लागू पडतो. घरच्या पातेल्यातली दोन वाट्या उसळ अर्ध्या तासात निवते. वीस किलोच्या टोपातल्या रश्श्याचा मधला भाग मात्र तासन्‌तास कोमट असतो. मघाशी आलेला परफ्रिंजेन्स नेमका इथेच फोफावतो. शिजवण्यात त्याचे बीजाणू वाचतात आणि साधारण ४५ अंशांवर तो दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. उपाय साधा आहे: मोठा टोप तसाच न ठेवता रस्सा उथळ परातींत पसरावा, दोन तासांत गार करावा, आणि विकायचा तो ६० अंशांच्या वर गरम ठेवावा. अन्न सुरक्षेच्या भारतीय नियमांतही हेच सांगितलेलं आहे.

‘आम्ही शाकाहारी, आम्हाला काय होणार’

२०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या एका घातक प्रकाराने तीन हजार आठशेहून अधिक लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. कारण मांस नव्हतं, कारण होतं मोड आलेली मेथी. मेथीचं बी इजिप्तहून आलं होतं. कडधान्याला मोड यायला लागतो तो ओलावा आणि ती ऊब जंतूंनाही नेमकी हवी असते. आपण मटकी शिजवून उसळ करतो, म्हणून बहुतेक वेळा वाचतो. जिममधून आल्यावर कच्चे मोड चाखणाऱ्यांनी ते वाफवून घ्यावेत, एवढं सांगणं पुरे.

मसाल्यांतही साल्मोनेला सापडतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २००९ दरम्यान आयात झालेल्या मसाल्यांची तपासणी केली तेव्हा जवळपास सात टक्के मालात तो आढळला. वाळलेल्या मिरपुडीत तो वाढत नाही, पण महिनोन्‌महिने तग धरून राहतो. फोडणीत पडलेला मसाला निर्धोक होतो. कापलेल्या कलिंगडावर वरून भुरभुरवलेला होत नाही.

उपवासाचे पदार्थ पवित्र म्हणून सुरक्षित, हाही एक समज. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी सप्ताहातला भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो जण आजारी पडले. रुग्णालयात जागा पुरली नाही, तेव्हा झाडांना दोऱ्या बांधून उघड्यावर सलाईन लावावं लागलं. भगरीच्या पिठात ओलावा शिरला की बुरशी वाढून विष तयार होतं, असा इशारा अन्न व औषध प्रशासन दर सणाला देतं. भगर पाकिटबंद घ्या, घरी दळा आणि दळलेलं पीठ फार दिवस ठेवू नका.

‘चिकन खळखळून धुतलं की स्वच्छ’

धुतल्याने चिकनवरचे जंतू जात नाहीत, मोरीत आणि ओट्यावर उडतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात चिकन धुणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये जिवाणू सापडले. गंमत म्हणजे चिकन न धुणाऱ्यांच्या कोशिंबिरीतही ते सापडलेच, कारण हात नीट धुतलेले नव्हते. आपल्याकडे न धुता चिकन शिजवा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा निदान नळ बारीक सोडा, नंतर मोरी साबणाने घासा, आणि त्याच सुरीने कोथिंबीर चिरू नका. गावठी अंड्यातही साल्मोनेला असू शकतो. अंड्याचा रंग आणि किंमत याच्याशी जंतूला देणंघेणं नाही.

‘विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉइड’

आता मुख्य मुद्दा. पावसाळ्यात आपल्याकडच्या प्रत्येक लॅबमध्ये विडाल चाचणीची रांग असते. फर्नांद विडाल यांनी ती १८९६ मध्ये पॅरिसमध्ये मांडली. ती जंतू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. जिथे टायफॉइड घरोघरी होऊन गेलेला असतो, तिथे ठणठणीत माणसाच्या रक्तातही ती सापडतात. मलेरियासारख्या दुसऱ्या तापांतही ही चाचणी फसवते. एकाच नमुन्यावरून निदान करणं म्हणजे अंदाज बांधणं. निष्कर्ष काढायचा तर सात-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने लागतात.

खात्रीची चाचणी म्हणजे ब्लड कल्चर. तीही शंभर टक्के नाही. टायफॉइडच्या रुग्णाच्या एक मिलिलिटर रक्तात अनेकदा एखादाच जिवाणू असतो, म्हणून चाचणी साधारण निम्म्या रुग्णांतच तो पकडते. आधी दोन दिवस घरच्या कपाटातल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या असतील तर शक्यता आणखी घटते. पण कल्चरमुळे कोणतं औषध चालेल तेही कळतं, आणि आज तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आलं तेव्हा टायफॉइड संपला असं वाटलं होतं. १९७२ मध्ये कोझिकोडेत त्याला न जुमानणारा जंतू पसरला. आता भारतातल्या बहुतांश टायफॉइडवर सिप्रोफ्लॉक्सासिनचाही भरवसा नाही. साध्या जुलाबाला तर बहुधा अँटिबायोटिक लागतच नाही, लागतं ते ओआरएस. विष्ठेतून रक्त, तीन दिवसांहून जास्त ताप, लघवी कमी होणं, लहान मूल किंवा वयस्कर माणूस सुस्तावणं, यांपैकी काही दिसलं तर मात्र डॉक्टरकडेच जावं.

टायफॉइड गावाकडचा रोग, असं अनेकांना वाटतं. २०१७ ते २०२० दरम्यान देशात झालेल्या मोठ्या पाहणीत दिल्ली, कोलकाता, वेल्लोर इथल्या शहरी वस्त्यांत दरवर्षी एक लाख मुलांमागे ५७६ ते ११७३ जणांना टायफॉइड झाल्याचं आढळलं. पुण्याजवळच्या ग्रामीण भागात हे प्रमाण ३५ होतं. कारण पाण्यात आहे. आपल्याकडे उल्हास नदीचं पाणी मोहिलीच्या केंद्रात शुद्ध होऊन निघतं तेव्हा त्यात क्लोरीन असतं. पण नळाला पाणी ठराविक वेळच येतं. पाणी बंद झालं की जलवाहिनीतला दाब पडतो आणि गळक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. दाट वस्ती, जुन्या वाहिन्या आणि ठराविक वेळेचं पाणी हे जिथे एकत्र येतं, तिथे वडापाववाल्याला दोष देऊन काही होत नाही. इमारतीची टाकी वर्षातून दोनदा धुतली जाते का, हे सोसायटीच्या सभेत विचारा. पार्किंगच्या वादातून वेळ उरला तर.

आणि एक गोष्ट पारसिकच्या डोंगरापलीकडची. जुलै २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने टायफॉइडची नवी संयुग्मित लस मुलांना द्यायला सुरुवात केली. ही लस हैदराबादेत तयार झालेली. सार्वजनिक लसीकरणात ती वापरण्याची ही जगातली पहिलीच वेळ होती. पहिल्या टप्प्यात ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या लाखाहून अधिक मुलांना ती दिली गेली. पालिकेची निम्मी आरोग्य केंद्रं आधी आणि निम्मी नंतर घेतल्याने तुलना करता आली. लस दिलेल्या भागांत मुलांमधला टायफॉइड निम्म्याहून खाली आला. लस घेतलेल्या मुलांना सुमारे ८० टक्के संरक्षण मिळालं. आपल्याच ठाणे जिल्ह्यात झालेलं हे काम जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांनी अभ्यासलं, आणि आपल्या गप्पांत त्याचा उल्लेखही नसतो. सहा महिन्यांपुढच्या बाळालाही एका डोसात देता येणारी ही लस बालरोगतज्ज्ञांकडे मिळते. ती फक्त टायफीपासून वाचवते. शिळ्या भातावर ती चालत नाही.

‘बर्फात जंतू कुठले’

थंडीने जंतू मरत नाहीत, झोपतात. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये खाण्यास अयोग्य बर्फ निळा करण्याची सक्ती केली, ती याचसाठी. मासे झाकायला निळा, सरबताला पांढरा. उसाच्या रसाच्या गाडीवर निळसर लादी दिसली तर ग्लास परत करा.

आणि एकाच जेवणानंतर दोघा-तिघांना त्रास झाला, तर उरलेलं अन्न फेकू नका. स्वच्छ डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा, पाकीट असेल तर त्यावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक टिपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाला १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवा.