मत्स्यभय आणि मानवी चिंता : एका चाचणीचे मोल व मर्यादा

भय हा वैद्यांना अपरिचित विषय नाही. चरकाचार्यांनी धारणीय मानसिक वेगांमध्ये भयाची गणना केली आहे, अतिसाराच्या सहा प्रकारांत भयज अतिसार स्वतंत्रपणे सांगितला आहे आणि भयाने वातप्रकोप होतो, हे तर प्रत्येक चिकित्सकाच्या नित्य अनुभवातील आहे. मनात उपजलेले भय शरीरात कोणत्या मार्गाने उतरते, याचा शोध घेण्यासाठी आधुनिक संशोधकांनी मात्र एक अगदी लहानसा जीव निवडला आहे. तो म्हणजे ३ ते ४ सेंटिमीटर लांबीचा, अंगावर निळे पट्टे असलेला झेब्रामासा. चिंताशामक म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वनस्पतींचे अर्कही आता या माशावर तपासले जातात. अशा प्रयोगाचा निष्कर्ष हाती आल्यावर त्यावर कितपत विसंबावे, हा प्रश्न चिकित्सक व औषधनिर्माते या दोघांपुढेही आहे.

भयद्रव्याचा शोध

या विषयाचा आरंभ १९३८ सालचा. पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरलेले कार्ल फॉन फ्रिश यांना असे आढळले की, मिनो जातीचा जखमी मासा थव्यात सोडला असता इतर मासे भयभीत होऊन पळतात. जखमी त्वचेतून पाण्यात मिसळणारे द्रव्य गंधाच्या द्वारे इतरांना सावध करते, असे त्यांनी दाखवून दिले. झेब्रामाशातही हेच घडते. प्रथम तो सैरावैरा धावतो, मग तळ गाठतो आणि निश्चल होतो. २०१२ साली सिंगापूर येथील संशोधकांनी या भयद्रव्यात कॉन्ड्रॉइटिनचे अंश असल्याचे दाखविले. सांधेदुखीच्या पूरक औषधांमुळे हे नाव फार्मसीचालकांच्या परिचयाचे आहेच.

हाच मासा का?

झेब्रामासा मूळचा भारतीय उपखंडातील. गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याचे वर्णन केले. प्रयोगशाळेत त्याला प्रतिष्ठा मिळाली ती अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाचे जॉर्ज स्ट्रायसिंगर यांच्या कार्यामुळे. २०१३ साली त्याची जनुकीय संहिता प्रसिद्ध झाली, तेव्हा मानवाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात समकक्ष जनुक असल्याचे दिसून आले. शिवाय उंदरात ताणाचे प्रमुख संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन असते, तर या माशात मानवाप्रमाणेच कॉर्टिसॉल. ज्या माशांत या संप्रेरकाचा ग्राहक सदोष होता, ते नव्या टाकीत सोडले असता गोठल्यासारखे राहत. फ्लुओक्सेटिन दिल्यावर त्यांचे वर्तन सुधारले, असे २०१३ सालच्या एका संशोधनात आढळले.

याचे पिल्लू पारदर्शक असते. त्यामुळे जिवंत मेंदूतील चेतापेशींचे कार्य सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता येते. मेंदूतील हॅबेन्युला नावाच्या लहानशा केंद्राविषयीचे निरीक्षण विशेष उद्बोधक आहे. २०१० साली जपानमधील संशोधकांनी या केंद्राच्या एका भागाचे कार्य थांबविले. धोक्याची खूण मिळताच निरोगी मासे धडपड करीत, तर हे मासे जागीच थिजत. म्हणजे भय एकच असले, तरी त्यातून पलायन घडावे की स्तब्धता यावी, हे ठरविणारी यंत्रणा मेंदूत असते. एक रुग्ण भयाने अस्वस्थ होऊन येरझारा घालतो, तर दुसरा सुन्न बसून राहतो. हे चित्र आपण चिकित्सालयात पाहतोच.

औषधपरीक्षण कसे होते?

सर्वाधिक प्रचलित चाचणी अत्यंत साधी आहे. माशाला अनोळखी टाकीत सोडले की तो प्रथम तळाशी राहतो आणि भीती ओसरली की हळूहळू वर येतो. साधारण ५ ते ६ मिनिटांत तो वरच्या भागात किती काळ राहिला, हे मोजले जाते. औषध दिलेला मासा लवकर वर आला, तर ते चिंताशामक असावे, असे अनुमान काढतात.

परंतु येथेच सावधानता हवी. २००९ साली ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी या चाचणीत तीन औषधे तपासली. बुस्पिरोनचा परिणाम स्पष्ट दिसला, डायझेपामचा काही मात्रांतच दिसला, तर क्लोरडायझेपॉक्साइडचा दिसलाच नाही. वास्तविक ही तिन्ही औषधे मानवी चिंतेत वापरली गेलेली आहेत. तात्पर्य, माशात गुण न दिसणे म्हणजे औषध निष्फळ ठरणे नव्हे. त्याच न्यायाने, माशात गुण दिसणे म्हणजे रुग्णात तो सिद्ध होणेही नव्हे.

औषधनिर्मात्यांनी चार गोष्टी अवश्य तपासाव्यात. पहिली, माशाची एकूण हालचाल मोजली होती काय? मासा केवळ मंदावला असेल, तर ते निद्राजनन होय, चिंताशमन नव्हे. दुसरी, अर्काचा रंग, गंध व आम्लता यांचा स्वतंत्र परिणाम वगळला होता काय? गंधाने भय ओळखणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत ही शंका गौण नाही. तिसरी, पाण्यात मिसळलेला अर्क कल्ले व त्वचेवाटे शरीरात जातो. तेथे अग्नी, कोष्ठ व अनुपान यांचा विचार नसतो. म्हणून पाण्यातील प्रमाणावरून चूर्णाची वा घृताची मात्रा ठरविता येत नाही. चौथी, अर्क कोणत्या द्रावकात काढला होता? मद्यार्कातील अर्कावरील निष्कर्ष दुग्धसिद्ध कल्पाला लागू होतोच असे नाही.

अनेक अर्कांतून आशादायी अर्क निवडणे आणि विषारीपणाची प्राथमिक कल्पना घेणे, हे या चाचणीचे खरे कार्य. हे कार्य ती अल्प खर्चात करते, म्हणून आपल्या औषधशालांनी तिचे स्वागतच करावे. तथापि, एखाद्या मेध्य कल्पाच्या वेष्टनावर ‘चिंता दूर करते, हे शास्त्राने सिद्ध’ असे छापले असेल आणि त्यामागे केवळ मत्स्यप्रयोग असेल, तर ते विधान अपुरे आहे. त्यावर विश्वासून एखादा रुग्ण चालू असलेली चिकित्सा सोडू शकतो. त्या रुग्णाला उत्तर द्यावे लागते ते वैद्यालाच. म्हणून वैद्यबंधूंनी अशा औषधाच्या प्रतिनिधीला एकच प्रश्न निःसंकोचपणे विचारावा : हा प्रयोग कोणावर झाला?