खेड्यातील नवे घर आणि भाडेकराराचे स्वरूप : पुणतांब्याच्या संदर्भात एक विवेचन

गोदावरीच्या दक्षिण तीरावरील पुणतांबा हे गाव चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्रास दीर्घकाळ परिचित आहे. २०१७ च्या जून महिन्यातील शेतकरी संपाची हाक येथूनच दिली गेल्याने त्या नावास अलीकडे नवा अर्थही प्राप्त झाला. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने मात्र या गावाचे तिसरे वैशिष्ट्य महत्त्वाचे आहे. दौंड–मनमाड लोहमार्गावरील या स्थानकापासून साईनगर शिर्डीपर्यंतचा सुमारे १७ किलोमीटरचा फाटा २००९ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि पुणतांबा जंक्शन बनले. शिर्डी, राहाता, कोपरगाव व श्रीरामपूर ही नोकरीची आणि शिक्षणाची ठिकाणे येथून रोजच्या ये-जा करण्याच्या टप्प्यात येतात. नोकरी एका गावी आणि बिऱ्हाड दुसऱ्या गावी, ही रचना अशा स्थळी स्वाभाविक ठरते.

खेड्यात जागा भाड्याने देण्याची प्रथा नवीन नाही. शिक्षक, तलाठी, रेल्वेचे कर्मचारी यांना वाड्यातील एक-दोन खोल्या मिळत, भाडे तोंडी ठरे आणि मालकाच्या कुटुंबाची शेजारी असलेली वस्ती हीच व्यवहाराची हमी असे. गावठाणाबाहेर, शेताच्या कडेला बांधलेले नवे स्वतंत्र घर संपूर्ण कुटुंबास भाड्याने देणे हा मात्र निराळा व्यवहार होय. यात मालक शेजारी असेलच असे नाही, अनामत रक्कम मोठी असू शकते आणि इमारतीची परीक्षा अद्याप व्हावयाची असते. अशा व्यवहारात भाडेकरूचे संरक्षण कशात आहे, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

१. नव्या घराची परीक्षा

जुन्या घराचे दोष डोळ्यांना दिसतात. नव्या घराचे दोष गिलावा व रंग यांखाली झाकलेले असतात. गोदावरीखोऱ्यातील काळी जमीन पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल, तर या हालचालीमुळे भिंती तिरकस तडकतात, दारे चौकटीत अडकू लागतात व फरशी उचलली जाते. या प्रकारच्या जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेल्या खांबपायाची पद्धती विकसित केली, यावरून प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. ओल आणि लोणा यांचेही तसेच आहे. बांधकामातील पाणी पुरते सुकण्यापूर्वी रंग दिल्यास काही महिन्यांत पापुद्रे सुटू लागतात.

यावरून असे म्हणता येईल की, एक पूर्ण पावसाळा व एक पूर्ण उन्हाळा पाहिल्याशिवाय काळ्या जमिनीवरील घर सुस्थितीत आहे असा निर्वाळा देता येत नाही. नव्या घरातील पहिला भाडेकरू हा वस्तुतः त्या घराचा पहिला परीक्षक असतो. तडे त्याच्या वास्तव्यकाळात पडतात. आणि ते त्याच्या वापरामुळे पडले की पायाच्या दोषामुळे, हा वाद अनामत परत मागण्याच्या वेळी उद्भवतो.

२. कायद्याचे क्षेत्र

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याच्या कलम १४ नुसार जागा चांगल्या स्थितीत राखण्याचे कर्तव्य मालकावर आहे, कलम २९ नुसार अत्यावश्यक पुरवठा तोडण्यास त्याला मनाई आहे, आणि कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी त्याच्यावरच आहे. तथापि कलम २ अन्वये या अधिनियमाची व्याप्ती अनुसूचींत निर्दिष्ट केलेल्या क्षेत्रांशी निगडित आहे. म्हणून कोणत्याही गावाच्या बाबतीत पहिला प्रश्न ते गाव अनुसूचीच्या क्षेत्रात येते काय, हाच असला पाहिजे.

या क्षेत्राबाहेरील भाडेपट्टा मुख्यतः मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या अधीन असतो. तेथे भाडेकरूची स्थिती बरीच दुर्बल आहे. निराळा करार वा स्थानिक रूढी नसल्यास निवासी भाडेपट्टा कलम १०६ प्रमाणे मासिक समजला जातो आणि १५ दिवसांच्या सूचनेने संपुष्टात आणता येतो. जूनमध्ये मुलांना गावच्या शाळेत घातलेल्या कुटुंबास ऑक्टोबरमध्ये अशी सूचना मिळाली, तर तिचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको. दुरुस्तीसंबंधीचे कलम १०८(फ) भाडेकरूस स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करण्याची मुभा देते. पण ती मालकावर बंधनकारक असलेल्या दुरुस्तीपुरतीच होय. हे बंधन कोठून उत्पन्न होते? प्रामुख्याने करारातून. करार मूक असेल, तर ही मुभाही बव्हंशी निष्फळ ठरते.

३. भाडेपट्टा की अनुज्ञप्ती

व्यवहारात अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार सर्वत्र रूढ झाला आहे. याला दोन कारणे आहेत. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी, नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार अनिवार्य असते. दुसरे कारण ऐतिहासिक आहे. मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम, १९४७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेचा ताबा असलेल्या अनुज्ञप्तिधारकांस भाडेकरूचा दर्जा मिळाला. तेव्हापासून मालकवर्गात शब्दयोजनेविषयी विशेष सावधगिरी दिसून येते.

अनुज्ञप्ती भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये येते. तिने जागेत हितसंबंध निर्माण होत नाही, केवळ वापराची परवानगी मिळते. नव्या घराच्या संदर्भात हा भेद केवळ शाब्दिक नाही. भाडेपट्ट्यात मालकाने, त्याला ठाऊक असलेला व भाडेकरूस साधारण दक्षतेने न कळणारा प्रत्येक महत्त्वाचा दोष प्रकट केला पाहिजे, असे कलम १०८(अ) सांगते. अनुज्ञप्तीत, कलम ५७ प्रमाणे, हे कर्तव्य व्यक्तीस किंवा मालमत्तेस धोकादायक ठरेल अशा दोषापुरते मर्यादित आहे. मुरमापर्यंत न गेलेला पाया पहिल्या व्याख्येत सहज बसेल; दुसऱ्या व्याख्येत बसेलच असे नाही.

अर्थात दस्तऐवजाचे शीर्षक निर्णायक नसते. असोशिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या १९५९ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने शब्दापेक्षा आशय व पक्षांचा हेतू महत्त्वाचा मानला, आणि अनन्य ताबा ही भाडेपट्ट्याची सकृद्दर्शनी खूण ठरविली. कुलूपकिल्ली ज्याच्या हाती आहे अशा स्वतंत्र घरातील कुटुंबाच्या बाबतीत ही कसोटी विचारार्ह आहे.

४. घरामागील जमीन व कर्ज

शेतजमिनीवरील बांधकामास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ने अकृषिक वापराचे नियम घातले; त्यांत पुढे वेळोवेळी शिथिलता आली. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील नोंद ही कर-आकारणीची नोंद असून तो मालकीचा पुरावा नव्हे, याचे विस्मरण अनेकदा होते. तद्वतच नवे घर पुष्कळदा कर्जातून उभे राहते. गहाणकर्त्याला घर भाड्याने देण्याचा अधिकार हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ६५-अ ने तीन वर्षांच्या मुदतीपर्यंतच दिला आहे, आणि गहाणखत तोही संकुचित करू शकते. हप्ते थकल्यास वेळेवर भाडे देणाऱ्या कुटुंबासही बँकेच्या कारवाईस तोंड द्यावे लागते.

उपसंहार

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जेथे भाडे नियंत्रणाचे संरक्षण पोहोचत नाही, तेथे करार हाच भाडेकरूचा कायदा ठरतो. म्हणून प्रवेशाच्या दिवशी घराच्या स्थितीची उभयपक्षी सहीची नोंद, पायाच्या व ओलीच्या दोषांच्या दुरुस्तीचे मालकावर स्पष्ट दायित्व, शालेय वर्षाशी जुळणारी मुदत, कर्जाविषयीचे निवेदन आणि अनामत परतीची तारीख या पाच बाबी लेखी असणे अगत्याचे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये संमत केलेल्या आदर्श भाडे अधिनियमात लेखी कराराचा आग्रह आणि निवासी अनामतीस दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. परंतु तो राज्यांनी स्वीकारावयाचा नमुना होय. वाड्यातील बिऱ्हाडास शेजाराचा जो आधार होता, तो शेताच्या कडेच्या नव्या घरात उरत नाही. त्याची जागा शब्दांनी भरून काढावी लागते, आणि ते शब्द पहिला पाऊस पडण्यापूर्वी लिहिले गेले पाहिजेत.